भाराची वाट : जुन्या पिकअपला कॉइलओव्हर बसवण्याआधी

शेव्हरलेचा सी-१० हा पिकअप १९६०च्या मॉडेल-वर्षात आला. नावातला 'सी' म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना. चारही चाकांना असेल तर 'के'. 'दहा' म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. या ट्रकची १९६७ ते १९७२ ही पिढी अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींची विशेष लाडकी आहे. सरळ रेषांची केबिन, रुंद बॉनेट, मागे साडेसहा किंवा आठ फुटांचा हौदा. हा ट्रक घडला तो गवताचे भारे, सिमेंटची पोती आणि सुतारकामाचं लाकूड वाहण्यासाठी. आज जे ट्रक शिल्लक आहेत त्यांपैकी बऱ्याचशांच्या हौद्यात काहीच नसतं. मालक ट्रक सुट्टीच्या दिवशी बाहेर काढतो, गाड्यांच्या मेळाव्याला नेतो, मुलांना फिरवून आणतो. त्याला ट्रक थोडा खाली बसलेला हवा असतो. वळणावर तो कलंडू नये आणि रिकामा असताना रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागून उसळू नये, एवढीच त्याची इच्छा असते. ही इच्छा घेऊन तो कॉइलओव्हरपाशी येतो.

कॉइलओव्हर मराठी वाचकाला परका नाही. मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी शॉकॲब्सॉर्बर असतो आणि त्याच्याभोवती स्प्रिंग चढवलेली असते, तोच हा प्रकार. वजन पेलणारी स्प्रिंग आणि तिची उसळी जिरवणारा शॉकॲब्सॉर्बर एकाच अक्षावर एकत्र आणलेले असतात. ट्रकसाठी बाजारात मिळणाऱ्या कॉइलओव्हरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांवर फिरणारी एक कॉलर स्प्रिंगचं खालचं टोक धरून ठेवते. कॉलर वर फिरवली की ट्रक वर येतो, खाली फिरवली की खाली बसतो. शॉकॲब्सॉर्बरवर एक किंवा दोन घुंड्या असतात. दोन असल्या तर एकीने दबताना होणारा विरोध कमी-जास्त करता येतो आणि दुसरीने परत पसरताना होणारा.

वर्णन इतकं सोपं असल्यामुळेच या कामाला अनेक जण सहज हात घालतात. जाहिरातीत चार चकचकीत नळ्या दिसतात, खोक्यात बोल्ट येतात, सूचनापत्रकात क्रमवार पायऱ्या असतात. या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते त्या पत्रकात बहुधा नसतं. सस्पेन्शन बदलणारा माणूस ट्रकच्या भाराची वाट बदलत असतो. रस्त्यावरून निघालेला जोर टायरमधून, ॲक्सलमधून, कुठल्या तरी हातातून, बुशमधून आणि बोल्टमधून चॅसीपर्यंत पोचतो. ही वाट ज्या अभियंत्यांनी आखली त्यांनी प्रत्येक टप्प्यावर तेवढंच पोलाद ठेवलं होतं जेवढं त्या टप्प्याला लागणार होतं. कॉइलओव्हर बसवताना भार नव्या जागेवर जातो. ती जागा त्याला पेलेल का, हा प्रश्न पाना हातात घेण्याआधी विचारायला हवा.

सी-१०च्या बाबतीत हा प्रश्न फार रंजक होतो, कारण या ट्रकचं मूळ सस्पेन्शन त्या काळातल्या पिकअपच्या मानाने बरंच पुढारलेलं होतं. इतर बहुतेक ट्रक पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे वापरत असताना शेव्हरलेने १९६० मध्येच पुढची चाकं स्वतंत्र केली. पहिली तीन वर्षं तिथे पिळणारे दांडे, म्हणजे टॉर्शन बार, होते. १९६३ पासून गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. मागे ॲक्सल अखंडच राहिला, पण पाट्यांऐवजी दोन लांब हातांनी त्याला धरलं. हे आय-आकाराच्या छेदाचे हात ॲक्सलपासून निघून चॅसीच्या मध्याकडे एकमेकांच्या जवळ येतात आणि एका आडव्या तुळईला, म्हणजे क्रॉसमेंबरला, बुशने जोडले जातात. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, त्याला पानार दांडा म्हणतात. ही रचना इतकी समंजस होती की नॅसकार या अमेरिकन मोटारशर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतल्या गाड्या याच धाटणीच्या हातांवर २०२१च्या मोसमापर्यंत धावत राहिल्या. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं ते २०२२ मध्ये, नव्या पिढीच्या गाडीबरोबर. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीचा मागचा ॲक्सल धरून ठेवणारी कल्पना मुळात शेतकऱ्याच्या पिकअपमधली आहे. सी-१०च्या मालकाने हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. आपण बदलायला निघालो ती गोष्ट टाकाऊ नाही.

जनरल मोटर्सच्याच जीएमसी नावाने विकलेल्या भावंडांना मात्र मागे बहुधा पाटे असत. १९७३ नंतरच्या चौकोनी अंगाच्या पिढीत शेव्हरलेनेही मागे पाट्यांची वाट धरली. फोर्डच्या एफ-१००मध्ये १९६५ पासून पुढे दोन स्वतंत्र आय-बीम आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. त्याआधी पुढे-मागे पाटेच होते. म्हणून 'जुन्या पिकअपला कॉइलओव्हर' असं एकच काम नसतं. सी-१०ला मागे कॉइलओव्हर बसवताना ॲक्सलला धरणारे हात जागेवर असतात, फक्त वजन पेलणारा भाग बदलतो. पाट्यांच्या ट्रकची गोष्ट निराळी. पाटा वजन पेलतो, ॲक्सलला पुढे-मागे आणि आडवं सरकू देत नाही, ब्रेक दाबल्यावर ॲक्सलला पिळू देत नाही आणि पात्यांच्या घर्षणाने थोडी उसळीही जिरवतो. एका पोलादी गठ्ठ्याने केलेली ही चार कामं आहेत. तो काढून कॉइलओव्हर लावला तर त्यांतलं पहिलं आणि चौथं एवढीच कामं भागतात. उरलेल्यांसाठी चार दांड्यांची जोडणी लागते, ते दांडे समांतर असतील तर वर पानार दांडा लागतो आणि चॅसीला नवा क्रॉसमेंबर लागतो. पाटे उतरवून नुसता कॉइलओव्हर टांगण्याचा विचार कुणी करत असेल तर त्याने या पुस्तकातलं चौथं प्रकरण आधी वाचावं.

एफ-१००च्या पुढच्या भागासाठी एक वेगळी वाट अमेरिकेत बरीच रुळली आहे. फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचा २००३ पासूनचा पुढचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यातल्या हातांसह, स्टिअरिंगसह, ट्रकच्या चॅसीखाली बसवतात. पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेली ही मोटार, त्यामुळे भंगारात तिचे सांगाडे मुबलक. त्यात कंपनीनेच स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरभोवती बसवलेली आहे. रस्त्यावर लाखो किलोमीटर सिद्ध झालेली आणि भाराची वाट आधीच आखलेली अशी वस्तू वापरण्यातलं शहाणपण मला पटतं. फक्त ट्रकच्या चाकांमधलं अंतर आणि सांगाड्याची रुंदी यांचा मेळ आधी बघावा, नाहीतर टायर मडगार्डबाहेर येतात.

आता भाराकडे येऊ. सी-१०च्या पुढच्या बाजूला मूळची स्प्रिंग खालच्या हातावर बसते आणि वर एका पोलादी वाटीत टेकते. शॉकॲब्सॉर्बर तिच्या बाहेर, वेगळ्या बोल्टवर असतो. ट्रक उभा असताना वाटीवर शेकडो किलो वजन असतं आणि शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टवर जवळजवळ काहीच नसतं. चाक हललं तरच त्याच्यावर जोर येतो. कॉइलओव्हर जर मूळच्या शॉकॲब्सॉर्बरच्या जागी टांगला तर जे वजन वाटी पेलत होती ते त्या बोल्टवर आणि त्याच्या पातळ ब्रॅकेटवर येतं. ते ब्रॅकेट त्या कामासाठी केलेलंच नाही. काही दिवस ते निभावून नेतं, मग वेल्डच्या कडेला तडा पडतो, आणि एखाद्या खड्ड्यात ते तुटतं. चांगल्या संचात कॉइलओव्हर त्या वाटीतच वर टेकतो, किंवा कारखान्याचा संपूर्ण क्रॉसमेंबर काढून त्याजागी नवा येतो. संच विकत घेताना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच: वरचं टोक कुठे टेकणार?

मागच्या बाजूला हा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथे वरचं टोक बहुधा चॅसीच्या दांड्याला नव्याने जोडावं लागतं. सी-१०ची चॅसी शिडीसारखी आहे आणि तिचे दोन लांब दांडे इंग्रजी सी अक्षराच्या छेदाचे आहेत. असा दांडा वाकतो तेव्हा सर्वात जास्त ताण वरच्या आणि खालच्या आडव्या पाळीत येतो. मधल्या उभ्या भिंतीच्या मध्यावर तो सर्वात कमी असतो. म्हणून भोक पाडायचं तर उभ्या भिंतीत, पाळ्यांपासून दूर. पाळीत पाडलेलं भोक म्हणजे जिथे ताण सर्वात जास्त तिथेच पोलाद कमी करणं. शिवाय सी-छेदाच्या दांड्याच्या एका अंगाला जोर दिला तर दांडा वाकण्याबरोबर पिळतोही, आणि उघडा छेद पिळाला फार कच्चा असतो. कॉइलओव्हरच्या वरच्या टोकाला दोन्ही दांड्यांना जोडणारा क्रॉसमेंबर दिला की हा पीळ सावरतो. चांगले संच बनवणारे, मिनेसोटातल्या लेकव्हिलची क्यूए-वन असो वा इंडियानातल्या जॅस्परची राइडटेक, ट्रकचं वर्ष आणि चॅसी नेमकी विचारतात ती याच कारणांनी. सी-१०चं वर्ष विचारण्याचं आणखीही एक कारण आहे. १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक ठरलेले आले आणि चाकाचे सहा स्टड पाचांवर आले. त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे पुढचे भाग डोळे मिटून अदलाबदल करता येत नाहीत.

बोल्टबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो, बाकीचं आत आहे. कॉइलओव्हरच्या टोकातून जाणारा बोल्ट दोन कानांमध्ये धरलेला असावा, म्हणजे त्याला दोन ठिकाणी आधार मिळतो. एकाच बाजूने बाहेर आलेल्या बोल्टवर वजन टांगलं तर तो कापला जाण्याबरोबर वाकतोही. अमेरिकन बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर तो ग्रेड पाच, सहा असतील तर ग्रेड आठ. आपल्याकडच्या ८.८ आणि १०.९ या आकड्यांचे ते ढोबळ शेजारी. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट या कामात वापरू नये.

स्प्रिंग किती कडक घ्यायची, हा सर्वांचा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर लोक एकमेकांच्या ट्रककडे बघून ठरवतात, हे मला खुपतं. उत्तर गणितात आहे आणि ते गणित दहावीच्या पलीकडचं नाही. पुढची स्प्रिंग चाकावर नसते, हाताच्या मध्ये कुठेतरी असते. चाक दहा सेंटिमीटर उचललं तर स्प्रिंग समजा सहा सेंटिमीटर दबते. म्हणजे गुणोत्तर ०.६. चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना या गुणोत्तराने दोनदा गुणावं लागतं, एकदा हालचालीसाठी आणि एकदा जोरासाठी. ०.६ चा वर्ग ०.३६. मिलिमीटरला १० किलो कडकपणाची स्प्रिंग, अमेरिकन भाषेत इंचाला सुमारे ५६० पौंडांची, चाकापाशी मिलिमीटरला ३.६ किलोच राहते. त्या चाकावर स्प्रिंगवरचं वजन ४०० किलो असेल तर चाक स्थिर स्थितीत सुमारे १११ मिलिमीटर दबेल. आणि दबलेल्या सेंटिमीटरांच्या वर्गमुळाने ५ला भागलं की ट्रकच्या नाकाचे नैसर्गिक हेलकावे सेकंदाला किती पडतात ते कळतं: इथे जवळजवळ दीड. आरामाच्या मोटारी एक ते सव्वाच्या आसपास असतात, शर्यतीच्या गाड्या दोनच्या वर. दीड म्हणजे घट्ट, पण पाठीला सोसणारा ट्रक.

कॉइलओव्हर तिरका बसवला तर आणखी एक वजाबाकी येते. उभ्या रेषेपासून १५ अंश कललेली स्प्रिंग आपल्या कडकपणाचा ९३ टक्के भाग चाकाला देते, ३० अंशांवर ७५ टक्के, ४५ अंशांवर निम्मा. जागेअभावी कॉइलओव्हर आडवा पडलेले ट्रक मी पाहिले आहेत. मालक कडक स्प्रिंग घालूनही ट्रक मऊच का म्हणून हैराण असतो.

पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळायला हवं. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभर नंतर. मागचा हेलकावा थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक-शेपूट अशी डोलण्याऐवजी सपाट वर-खाली होते. म्हणजे पुढे दीड असेल तर मागे त्याहून थोडं जास्त हवं. रिकाम्या सी-१०च्या मागच्या एका चाकावर स्प्रिंगवरचं वजन समजा २५० किलो. मिलिमीटरला अडीच किलोची स्प्रिंग लावली तर ती १०० मिलिमीटर दबेल आणि हेलकावे १.६च्या आसपास येतील. रिकाम्या ट्रकला हे उत्तम. आता हौद्यात पाचशे किलो माल टाका. प्रत्येक मागच्या चाकावर सव्वादोनशे-अडीचशे किलोची भर पडेल, स्प्रिंग आणखी नव्वद-शंभर मिलिमीटर खाली जाईल, आणि बहुतेक कॉइलओव्हरमध्ये तेवढी जागा उरलेलीच नसते.

इथे मला ठामपणे बोलायचं आहे. पिकअप हा असा प्राणी आहे की त्याच्या मागच्या चाकांवरचं वजन दुप्पट होऊ शकतं. मोटारीचं तसं होत नाही. म्हणून मूळच्या अभियंत्यांनी मागची स्प्रिंग कडक ठेवली, आणि म्हणूनच तो रिकामा असताना उसळतो. ही त्यांची चूक नव्हती. कॉइलओव्हर लावणारा माणूस आपल्या ट्रकचं माल वाहण्याचं वचन बऱ्याच अंशी मागे घेत असतो. ज्याला अजून लाकूड आणायचं आहे, ट्रेलर ओढायचा आहे, त्याने मागे कॉइलओव्हर लावू नये. मूळच्या स्प्रिंगा ठेवाव्यात किंवा हवेच्या फुग्यांचा विचार करावा, ज्यांत वजनाप्रमाणे दाब वाढवता येतो. आणि ज्याला फक्त ट्रक नीट चालायला हवा आहे त्याने आधी जुने बुश, बॉल जॉइंट आणि थकलेले शॉकॲब्सॉर्बर बदलून बघावेत. पन्नास वर्षांच्या रबराने केलेला खडखडाट कित्येकदा सस्पेन्शनच्या रचनेच्या माथी मारला जातो. नवे बुश, थोड्या आखूड स्प्रिंगा आणि चांगले शॉकॲब्सॉर्बर एवढ्यावर कित्येक ट्रक असे सुधारतात की मालकाला पुढे जावंसं वाटत नाही. तसं झालं तर या पुस्तकाचा पुढचा भाग न वाचता ठेवून द्यावा. मला आनंदच आहे.

कॉलरबद्दलचा एक समज मोटरसायकलच्या गॅरेजपासून सी-१०च्या मालकापर्यंत सगळीकडे पसरलेला आहे: कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. कॉलर यांतलं काहीच बदलत नाही. ट्रकचं वजन तेच आहे, त्यामुळे स्प्रिंग तेवढीच दबते, फक्त ट्रक वर उचलला जातो. दबायला जागा वाढते आणि परत पसरायला कमी होते, म्हणून चालवताना फरक जाणवतो. खूप खाली बसवलेला ट्रक कॉलरने वर आणायचा आणि मग 'आता कडक झाला' म्हणायचं, हे निदान चुकीचं. कडक हवा असेल तर स्प्रिंग बदलावी लागते.

चार कॉलर मनाला येतील तशा फिरवू नयेत यालाही कारण आहे. चार पायांच्या टेबलाचा एक पाय उंच केला तर तो आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला पाय मिळून जास्त वजन घेतात, उरलेले दोन हलके होतात. ट्रकचंही तेच होतं. पुढची डावी कॉलर वर घेऊन ट्रक बाहेरून सरळ दिसेल, पण आतून पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावर वजन सरकलेलं असेल, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच हलक्या चाकाची पकड आधी सुटेल. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, चालकाच्या जागी चालकाइतकं वजन ठेवून हे जुळवतात.

किती खाली बसवायचं याची मर्यादा मालकाच्या नजरेपेक्षा ॲक्सलच्या वरच्या मोकळ्या जागेने ठरवावी. ट्रक उभा असताना कॉइलओव्हरच्या एकूण धावेपैकी साधारण साठ टक्के दबण्यासाठी शिल्लक हवेत. सी-१० बराच खाली आणला की मागचा ॲक्सल चॅसीच्या दांड्याच्या पोटाला भिडू लागतो. मग दांड्याला खालून खाच पाडून तिथे जाड पोलादाचा कमानदार तुकडा बसवावा लागतो. ही खाच पाडणं सोपं, तिच्या कडेला वेल्ड नीट उतरवणं कठीण. ज्याचा वेल्डिंगवर हात बसलेला नाही त्याने हे काम जाणत्याकडे द्यावं, यात कमीपणा काहीच नाही. रबरी ठोकळे, म्हणजे बंप स्टॉप, काढून टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ते काढू नका. ते नसले तर शेवटचा धक्का शॉकॲब्सॉर्बरच्या आतला दट्ट्या सोसतो, आणि तो त्यासाठी नाही.

ट्रक खाली आला की त्याच्याबरोबर आणखी गोष्टी हलतात. मागचे लांब हात कलतात, त्यांच्याबरोबर डिफरन्शियलचं तोंड वर किंवा खाली वळतं, आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांचे कोन एकमेकांशी जुळेनासे होतात. ते जुळले नाहीत तर विशिष्ट वेगाला थरथर येते आणि सांधे लवकर जातात. मूळचा पानार दांडा आखूड आहे; ट्रक खाली बसला की तो तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ढकलतो. मागून बघितलं तर एक टायर मडगार्डच्या जवळ आणि दुसरा दूर दिसतो. लांबी बदलता येणारा लांब दांडा हा यावरचा उपाय आहे, आणि माझ्या मते सी-१०वर कॉइलओव्हरपेक्षाही आधी पैसे घालावेत असा तो भाग आहे.

प्रत्यक्ष काम आतल्या प्रकरणांत टप्प्याटप्प्याने आहे. इथे फक्त जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी. पहिली, जुनी स्प्रिंग. मिलिमीटरला १० किलोची स्प्रिंग १० सेंटिमीटर दबलेली असते तेव्हा तिच्यात पन्नास किलोचं वजन एक मीटर उचलण्याइतकी ताकद कोंडलेली असते. खालच्या हाताखाली जॅक ठेवून, स्प्रिंगला साखळी घालून, हात सावकाश उतरवतच ती काढायची. दुसरी, ट्रक चॅसीखालच्या पक्क्या स्टँडवर असल्याशिवाय खाली जायचं नाही. नुसता जॅक आधार म्हणून चालत नाही. यांखेरीज, नवे कॉइलओव्हर आधी स्प्रिंगशिवाय बसवून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवावं आणि ब्रेकची नळी, सायलेन्सरचा पाइप, टायर हे कुठे घासतात ते बघावं. स्प्रिंग चढल्यावर हे हाताने करता येत नाही. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते ट्रक आपल्या वजनाने चाकांवर उभा असताना. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

हे पुस्तक मराठीत का, असं मला विचारलं गेलं आहे. भारतात हे काम करता येत नाही, हे आधी स्पष्ट करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून दूर जाणारा बदल नोंदलेल्या वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेले नियम तर वाहन मूळ रूपात जपलेलं असावं अशीच अट घालतात. त्यामुळे पुण्या-मुंबईत कुणाकडे जुना पिकअप असेल तर त्याने तो आहे तसाच सांभाळावा. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. ते आपल्या राज्याच्या कार्यालयात आधी बघून घ्यावेत.

पण वाचणारे पुष्कळ आहेत. मिशिगन, टेक्सास, कॅलिफोर्नियात राहणारे आणि घरच्या गॅरेजमध्ये एखादा जुना ट्रक घेऊन बसलेले मराठी लोक आहेत. आणि बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधणारे पुण्या-नाशिक-कोल्हापूरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, ज्यांच्या गाडीच्या चारही कोपऱ्यांवर बहुतेकदा कॉइलओव्हर असतात. गुणोत्तराचा वर्ग, तिरकेपणाची वजाबाकी, दुहेरी आधाराचा बोल्ट, हे सगळं त्यांच्या गाडीलाही तसंच लागू आहे. हे ज्ञान गॅरेजमध्ये मराठीत बोललं जातं. ते मराठीत छापलेलंही असावं, ही माझी मनापासूनची इच्छा होती.

पहिल्या प्रकरणात एकही नवा भाग बसवलेला नाही. त्यात फक्त मोजमाप आहे: चारही मडगार्डांच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ॲक्सल आणि चॅसीमधली मोकळी जागा, चॅसीचे दोन्ही कर्ण, डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन, प्रत्येक चाकावरचं वजन, स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सपाशी चॅसीला कुठे तडा आहे का, आणि दांड्याच्या आतल्या अंगाला गंज किती खोल गेला आहे. हे आकडे लिहिण्यासाठी त्या प्रकरणाच्या शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत. ती भरल्याशिवाय संचाची मागणी नोंदवू नये.